सूक्ष्म अन्नद्रव्य मिश्रण ‘ग्रेड 2’: टोमॅटो आणि फ्लॉवरच्या प्लॉटमधून केलेले परीक्षण

महाराष्ट्रातल्या कोणत्याही कृषी सेवा केंद्रात भाजीपाला पिवळा पडल्याची तक्रार सांगितली, की काउंटरवर सर्वांत आधी येते ती सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या मिश्रणाची बाटली. राज्य शासनाने या मिश्रणांच्या दोन प्रती (ग्रेड) अधिसूचित केल्या आहेत. ग्रेड 1 जमिनीतून देण्यासाठी आहे आणि ग्रेड 2 फवारणीसाठी. ग्रेड 2 मध्ये जस्त 3 टक्के, लोह 2.5 टक्के, मंगल (मँगनीज) 1 टक्का, तांबे 1 टक्का, बोरॉन 0.5 टक्के आणि मॉलिब्डेनम 0.1 टक्के असते. हे प्रमाण शासनानेच ठरवून दिलेले असल्यामुळे बाटलीवरचे नाव बदलले तरी आतला माल कागदोपत्री सारखाच राहतो, आणि म्हणून हे परीक्षण कोणत्याही एका कंपनीचे नसून या प्रकारच्या उत्पादनाचे आहे. जुन्नर तालुक्यातल्या मध्यम काळ्या, चुनखडी असलेल्या जमिनीवर टोमॅटो आणि फ्लॉवर घेताना चिलेटेड (म्हणजे धातू सेंद्रिय रेणूच्या पकडीत बांधलेले) द्रवरूप ग्रेड 2 मी वापरले आहे, त्याच्या शेजारच्या ओळींत वेगळे उपाय करून पाहिले आहेत, आणि माती, पाणी व पाने यांची तपासणीही करून घेतली आहे.

प्रथम हिशेब करतो, कारण तो लेबलवर कुठेच दिलेला नसतो. एका लिटर पाण्याला 5 मिली या प्रमाणात 200 लिटर पाण्यातून एक एकर फवारले, तर एक लिटर औषध संपते. त्यातून पिकावर साधारण 30 ग्रॅम जस्त, 25 ग्रॅम लोह, प्रत्येकी 10 ग्रॅम मंगल व तांबे, 5 ग्रॅम बोरॉन आणि 1 ग्रॅम मॉलिब्डेनम पडते. याउलट जस्ताची कमतरता स्पष्ट दिसत असताना अर्धा टक्का झिंक सल्फेटची फवारणी करण्याची जी जुनी शिफारस आहे, तिच्यात तेवढ्याच पाण्यातून 1 किलो झिंक सल्फेट, म्हणजे 210 ग्रॅम जस्त जाते. 0.1 टक्का बोरिक ॲसिडच्या फवारणीतून साधारण 34 ग्रॅम बोरॉन मिळते. चिलेटेड रूपातला घटक पानात अधिक सहज शिरतो असे धरले, तरी सातपटीचे हे अंतर केवळ चिलेशनने भरून निघेल असे मानणे कठीण आहे. म्हणजे पिकात सुप्त कमतरता असेल, अजून लक्षणे दिसत नसतील आणि वाढीच्या वेगाला थोडा आधार हवा असेल, तर ग्रेड 2 उपयोगी आहे. पण एखाद्या घटकाची तीव्र कमतरता डोळ्यांना दिसत असेल, तर त्या घटकाची मात्रा त्यात पुरेशी नाही.

मात्रेपेक्षाही मोठा प्रश्न वेगळा आहे आणि माझ्या मते या उत्पादनाविषयी बोलताना तो सर्वांत कमी विचारला जातो. सहा घटक एका बाटलीत घालण्यामागे असे गृहीत धरलेले आहे, की झाडाला जे कमी पडले ते मोजून दिले की काम झाले. प्रत्यक्षात भाजीपाल्यात एका घटकाची कमतरता बहुतेक वेळा दुसऱ्या घटकाच्या जादा पुरवठ्यातून, जमिनीच्या सामूतून (पीएच) किंवा पाण्यातून निर्माण झालेली असते. मूळ कारण तसेच ठेवून सहाही घटक थोडेथोडे फवारत राहिल्यास काही दिवस पान हिरवे दिसते आणि नवा शेंडा पुन्हा पिवळाच येतो.

टोमॅटोच्या प्लॉटमध्ये हे अगदी जवळून पाहता आले. लागवडीनंतर मुळे चांगली चालावीत म्हणून आपल्याकडे ठिबकमधून 12:61:0 हे भरपूर स्फुरदाचे (फॉस्फरस) विद्राव्य खत बराच काळ सोडले जाते आणि बेसल डोसमध्येही डीएपी भरपूर पडलेले असते. मातीच्या अहवालात स्फुरद ‘अत्यंत जास्त’ या रकान्यात होता आणि जस्त 0.5 पीपीएम, म्हणजे 0.6 या आपल्या नेहमीच्या मर्यादेच्या जरा खाली. स्फुरद जास्त झाला की मुळांवरच्या उपयुक्त बुरशीचा, म्हणजे मायकोरायझाचा, प्रसार मंदावतो आणि जमिनीतून जस्त उचलून आणणारा एक मोठा मार्ग आखडतो. त्यातच स्फुरदामुळे झाडाची वाढ जोरात झाल्याने असलेले जस्त अधिक पानांत विभागले जाते. आणि झाडात जस्त कमी झाले की स्फुरद उचलण्यावरचे त्याचे नियंत्रण सुटते, ते स्फुरद घेतच राहते आणि पानांत तो गरजेपेक्षा अधिक साठतो. म्हणजे दोघांचे नाते एकेरी नाही. अशा प्लॉटमध्ये शेंड्याकडची पाने लहान राहतात, पेरे आखूड होतात, आणि शेतकरी ‘वाढ थांबली’ म्हणून आणखी 12:61:0 सोडतो. इथे 30 ग्रॅम जस्ताची फवारणी चुकीची नाही; पण स्फुरदाची खते थांबवल्याशिवाय ती अपुरीच ठरते. ज्या ओळींत 12:61:0 बंद करून झिंक सल्फेट आणि त्याच्या निम्म्या प्रमाणात चुना यांची फवारणी केली, तिथे नवी पाने सामान्य आकाराची येऊ लागली. ज्या ओळींत खत चालूच ठेवून फक्त ग्रेड 2 दिले, तिथे रंग सुधारला, पण पानांचा आकार सुधारला नाही.

या जस्ताच्या कमतरतेचे आणखी एक टोक बोरॉनशी जोडलेले आहे. जस्त कमी असताना मुळांच्या पेशींची आवरणे कमकुवत होतात आणि बोरॉन आत येण्यावरचा अटकाव सैल पडतो, असे बार्लीसारख्या पिकांवरच्या प्रयोगांतून दिसलेले आहे. बोरॉनचे ‘कमी’ आणि ‘विषारी’ यांच्यातले अंतर सर्व सूक्ष्म अन्नद्रव्यांत बहुधा सर्वांत अरुंद असते. फुलगळ दिसली की बोरॉन, फळ तडकले की बोरॉन, अशी सवय लागलेल्या प्लॉटमध्ये, जिथे विहिरीच्या पाण्यातूनही थोडे बोरॉन येत असेल, तिथे पानांच्या कडा करपलेल्या दिसल्या तर तो रोग नसून बोरॉनचा अतिरेक असण्याची शक्यता आधी तपासावी. ग्रेड 2 मधले 0.5 टक्के बोरॉन या दृष्टीने सुरक्षित आहे आणि ही त्याची खरी जमेची बाजू आहे. नुसते बोरॉन आंधळेपणाने फवारण्यापेक्षा या मिश्रणातून ते जाणे मला बरे वाटते.

आता लोह. चुनखडीच्या जमिनीत शेंड्याची पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, हे चित्र सर्वांच्या ओळखीचे आहे. सामू एका अंकाने वाढला की जमिनीच्या द्रावणातले लोह सुमारे हजारपटीने आणि जस्त सुमारे शंभरपटीने कमी होते. त्यामुळे सामू 8 च्या पुढे गेलेल्या जमिनीत ही दोन्ही कमतरता बरोबरच नांदतात. पण माझ्या प्लॉटमध्ये सामूपेक्षाही पाण्याने अधिक त्रास दिला. टोमॅटोसारखे द्विदल पीक मुळांभोवती आम्ल सोडते, लोहाचे रूप बदलते आणि मग ते आत घेते. विहिरीच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल, तर मुळाने सोडलेले आम्ल तिथल्या तिथे मारले जाते. त्यात मल्चिंगखाली रोज ठिबक चालवून बेडला वाफसा (मातीत ओलीबरोबर हवाही खेळण्याची स्थिती) येऊच दिला नाही, तर मुळांच्या श्वसनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड मातीत अडकतो, बायकार्बोनेट आणखी वाढते आणि पिवळेपणा झपाट्याने पसरतो. ज्या सखल भागात पाणी साचून राहत होते, तिथलेच शेंडे सर्वांत आधी पिवळे पडले होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पाण्याची पाळी लांबवून बेडला वाफसा आणल्यावर त्या भागातला नवा फुटवा कोणत्याही फवारणीशिवाय बराचसा हिरवा आला.

ग्रेड 2 ची लोहावरची कामगिरी पाहण्यासाठी फवारलेल्या पिवळ्या पानाकडे दोन-तीन दिवसांनी उन्हात धरून नीट पाहावे. पान सर्वत्र सारखे हिरवे झालेले नसते. जिथे थेंब टेकला तिथेच हिरवा ठिपका उमटतो आणि मधली जागा पिवळीच राहते. लोह झाडात फारसे हलत नाही, म्हणून जुन्या पानावर पडलेले लोह पुढच्या पानाच्या कामी येत नाही. पिवळेपणा चालू असेपर्यंत फवारणी परत परत करावी लागते, ती याच कारणाने, आणि दुकानदाराला त्याचा दोष देता येणार नाही. पण काही विक्रेते हेच ग्रेड 2 ठिबकमधून सोडायला सांगतात, तो सल्ला मात्र मी ठामपणे नाकारतो. त्यातले लोह बहुधा ईडीटीएच्या चिलेटमध्ये बांधलेले असते. ही पकड साधारण 6.5 सामूपर्यंत टिकते. त्यापुढे जमिनीतला कॅल्शियम लोहाला बाजूला सारून त्याची जागा घेतो आणि लोह मातीत बसते. डीटीपीएचा चिलेट साडेसातच्या आसपास टिकतो आणि चुनखडीच्या जमिनीत खऱ्या अर्थाने टिकतो तो ईडीडीएचए. 6 टक्के लोह असलेला हा लालसर तपकिरी पदार्थ महाग आहे, पण आळवणीतून किंवा ठिबकमधून दिल्यास नवे शेंडे हिरवे आणण्याचे काम तोच करतो. सूर्यप्रकाशात तो विघटित होतो, त्यामुळे तो पानांवर फवारण्यात अर्थ नाही. संध्याकाळी मुळाशी द्यावा.

ईडीडीएचए वापरतानाही घटकांचे परस्परसंबंध सुटत नाहीत. मुळांच्या पेशींमधून लोह आत घेणारे वाहक प्रथिन जस्त आणि मंगल यांनाही वाट देते. लोहाचा पुरवठा एकदम वाढला की मंगलाचे शोषण कमी होते. पाने हिरवी झाल्यावर काही काळाने मधल्या पानांवर शिरांमध्ये बारीक फिकट जाळी दिसू लागली, तर लोह परत वाढवू नये; ती मंगलाची हाक असू शकते. अशा वेळी ग्रेड 2 ची एक फवारणी योग्य ठरते, कारण मुळाशी लोह वाढत असताना पानांवरून मंगल आणि जस्त थोडे मिळून तोल राखला जातो. या जोडीने वापरल्यावर मला ग्रेड 2 चा सर्वाधिक उपयोग झाला, हे मुद्दाम नोंदवतो.

मंगल आणि तांबे यांबाबत मात्र मिश्रणावर माझा आक्षेप आहे. टोमॅटोवर करप्यासाठी आपण जे मॅन्कोझेब फवारतो, त्यात मूळ घटकाच्या वजनाच्या सुमारे 20 टक्के मंगल आणि अडीच टक्के जस्त असते. कॉपर ऑक्सिक्लोराइडच्या नेहमीच्या पावडरीत 50 टक्के तांबे असते. पावसाळी हंगामात बुरशीनाशकांच्या इतक्या फवारण्या झालेल्या प्लॉटमध्ये तांब्याची कमतरता असण्याची शक्यता फार थोडी. माझ्या मातीच्या अहवालातही तांबे 0.2 पीपीएमच्या मर्यादेच्या कितीतरी वर होते. तांबे आणि जस्त यांची शोषणात स्पर्धा चालते, म्हणून जिथे जस्त कमी आणि तांबे भरपूर आहे, तिथे दोन्ही एकाच बाटलीतून देणे फारसे शहाणपणाचे नाही. द्राक्षाखालची जमीन मोडून भाजीपाला घेणाऱ्यांनी तर याकडे अधिकच लक्ष द्यावे, कारण तिथे वर्षानुवर्षांच्या बोर्डो मिश्रणाचे तांबे वरच्या थरात साठलेले असते.

यावरूनच पान-देठ परीक्षणाबद्दलही सांगणे आवश्यक आहे, कारण ग्रेड 2 चा योग्य वापर त्या अहवालावर अवलंबून आहे. मॅन्कोझेब फवारलेली पाने न धुता प्रयोगशाळेत दिली, तर अहवालात मंगल आणि जस्त दोन्ही भरपूर दिसतात, जरी पानाच्या आत त्यांची टंचाई असली तरी. नमुना सौम्य साबणाच्या पाण्याने आणि मग शुद्ध पाण्याने धुतला जातो का, हे प्रयोगशाळेला आधीच विचारावे. ज्या एका खासगी प्रयोगशाळेत मी नमुने दिले, तिथे हे कोणी विचारले नाही आणि सांगितलेही नाही. लोहाचे तर आणखी अवघड आहे. पिवळ्या पडलेल्या पानात एकूण लोह हिरव्या पानाइतके, कधी अधिकही, भरते. ते केवळ कामाच्या रूपात नसते. जे. सी. कट्याल आणि बी. डी. शर्मा या भारतीय शास्त्रज्ञांनी 1980 मध्ये पानातले क्रियाशील, म्हणजे फेरस रूपातले, लोह मोजण्याची पद्धत मांडली ती याचसाठी. ताज्या पानांवर ही तपासणी करावी लागत असल्याने व्यापारी प्रयोगशाळा ती सहसा करत नाहीत. म्हणून अहवालात लोह ‘पुरेसे’ असे आले आणि शेंडे पिवळेच असतील, तर डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणावर अधिक विश्वास ठेवावा. मातीतली उपलब्ध सूक्ष्म अन्नद्रव्ये डीटीपीएच्या द्रावणाने काढून मोजण्याची पद्धत, जी लिंडसे आणि नॉर्वेल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1978 मध्ये प्रसिद्ध केली, ती आपल्यासारख्या चुनखडीच्या जमिनींसाठीच बेतलेली आहे आणि जस्ताच्या बाबतीत तिचा आकडा मला प्रत्येक वेळी प्लॉटशी जुळताना दिसला.

फ्लॉवरचा अनुभव थोडक्यात. या पिकाला बोरॉन जास्त लागते, आणि ते कमी पडले की गड्ड्यावर तपकिरी डाग व देठात पोकळी होते. चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियम भरपूर असल्याने बोरॉनची गरज आणखी वाढते. ग्रेड 2 च्या 5 ग्रॅम बोरॉनवर हे पीक निभत नाही. गड्डा धरण्याआधी बोरॉनची स्वतंत्र फवारणी करावीच लागली. मॉलिब्डेनमचे उलट आहे. फ्लॉवरची पाने पट्टीसारखी अरुंद होण्याची विकृती त्याच्या कमतरतेने येते, पण ती आम्लधर्मी जमिनीत. सामू वाढला की मॉलिब्डेनम अधिक उपलब्ध होते, त्यामुळे आमच्याकडे त्या 0.1 टक्क्याचा उपयोग नगण्य आहे. कोकणातल्या जांभ्या जमिनीवर फ्लॉवर किंवा कोबी घेणाऱ्यांना मात्र तोच घटक मोलाचा ठरेल, आणि लोह व मंगल त्यांना बहुधा मुळीच लागणार नाही. एकच प्रमाण साऱ्या राज्याला लावण्याची मर्यादा इथे उघड होते.

एक गोष्ट खरेदीआधी पक्की करावी. खालची जुनी पाने शिरांमध्ये पिवळी पडत असतील, तर ती बहुधा मॅग्नेशियमची कमतरता असते आणि टोमॅटोत फळे फुगवण्यासाठी 0:0:50 या पालाशच्या (पोटॅशियम) खताचा मारा केल्यावर ती हमखास येते, कारण पालाश मॅग्नेशियमचे शोषण दाबतो. ग्रेड 2 मध्ये मॅग्नेशियम नसते. तिथे बाटली कितीही चांगली असली तरी तिचा उपयोग नाही. मॅग्नेशियम सल्फेट वापरावे.

मालाच्या दर्जाबाबत सांगायचे तर सर्व बाटल्या सारख्या निघाल्या नाहीत. एका बाटलीच्या तळाशी घट्ट साका बसलेला होता, हलवूनही तो पूर्ण विरघळला नाही आणि नोझल तुंबले. घेताना बाटली उलटी करून तळ पाहावा, अधिसूचित ग्रेडचा उल्लेख, बॅच आणि उत्पादनाची तारीख तपासावी, पक्के बिल घ्यावे. स्फुरदयुक्त विद्राव्य खत आणि ग्रेड 2 एकाच टाकीत मिसळू नये. सल्फेटवर आधारित पावडर असेल तर जस्त स्फुरदाबरोबर तिथेच खाली बसते.

सुप्त कमतरता असलेल्या, सामू साडेसातच्या आत असलेल्या आणि पाण्यात बायकार्बोनेट कमी असलेल्या प्लॉटसाठी मी ग्रेड 2 ला पाचपैकी चार गुण देईन. आमच्यासारख्या चुनखडीच्या जमिनीवर, एकट्याने वापरल्यास, अडीच. स्फुरदाचा डोस आटोक्यात ठेवून, वाफसा सांभाळून आणि लोह मुळाशी ईडीडीएचएमधून देऊन त्याच्या जोडीला फवारले, तर पुन्हा चार. उत्पादकांनी लेबलवर दोन ओळी वाढवाव्यात अशी माझी मागणी आहे: लोह कोणत्या चिलेटमध्ये बांधले आहे आणि ते कोणत्या सामूपर्यंत टिकते. या दोन ओळी छापलेली बाटली मला अजून कोणत्याही दुकानात मिळालेली नाही, आणि मिळाली तर थोडी महाग असली तरी मी तीच घेईन.